रेयांश म्हणजे नेमकं काय?

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावर बारसं होतं. आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्र’ केलं, रिवाजाप्रमाणे पाठीवर धपाटे खाल्ले, आणि पाळण्यामागच्या पडद्यावरची झालर बाजूला झाली. सोनेरी अक्षरांत ‘रेयांश’. त्याखाली बारीक अक्षरांत ‘सूर्याचा पहिला किरण, भगवान विष्णूंचा अंश’. पुढे खुर्चीत बसलेल्या पणजीबाईंनी सुनेला विचारलं, ‘‘काय ठेवलं म्हणे? रेखांश?’’

सगळे हसले. जेवताना मात्र बाळाचा बाबा हळूच माझ्या शेजारी येऊन बसला. मी पंचवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, हे त्याला ठाऊक होतं. ‘‘काकू, नाव संस्कृतच आहे ना हो? सगळीकडे तसंच लिहिलंय.’’ माझ्या पानात जिलबी होती, समोर रात्रभर न झोपलेला आणि तरी आनंदात असलेला माणूस होता. मी म्हटलं, ‘‘नाव गोड आहे रे. बाकीचं सावकाश सांगते.’’

ते सावकाश सांगायचं इथे सांगते. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. रेयांश, कियांश, विवांश, कियान, अनाया अशी नावं आता प्रत्येक बालवाडीच्या हजेरीपटावर आहेत, आणि प्रत्येकाच्या आईबाबांकडे एक छापील अर्थ आहे.

रेयांश हा शब्द वेदांतून, पुराणांतून किंवा काव्यांतून चालत आलेला नाही. तो अलीकडे जुळवलेला आहे. त्याचं शेपूट अस्सल संस्कृत आहे. डोकं कुठलं, ते शोधावं लागतं.

शेपटापासून सुरुवात करू. अंश म्हणजे भाग, वाटा, हिस्सा. हा शब्द आपण रोज वापरतो: सारांश, दशांश, पत्रिकेतला नवमांश, तापमानाचे अंश, आणि भूगोलातले अक्षांश-रेखांश. तेव्हा पणजीबाईंचं फारसं चुकलं नव्हतं. ‘रे’ने सुरू होणारा आणि ‘अंश’ने संपणारा त्यांच्या ओळखीचा शब्द तोच होता. अंश हे एका देवाचंही नाव आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात आदित्यांची नावं येतात, मित्र, अर्यमा, भग, वरुण, दक्ष, आणि त्यांच्याबरोबर अंश. म्हणजे नुसतं ‘अंश’ ठेवलं असतं तरी सूर्यकुळातलं, वेदातलं आणि दोन अक्षरी नाव झालं असतं. पण ते साधं दिसतं, म्हणून बहुधा कुणाला पुरत नाही.

इथे एक गफलत फार होते. किरण म्हणजे अंश नव्हे, अंशु. थंड किरणांचा तो हिमांशु, अमृताच्या किरणांचा तो सुधांशु, हजार किरणांचा सहस्रांशु, आणि किरण धारण करणारा अंशुमान म्हणजे सूर्य. शेवटचा उकार गळाला की किरणाचा तुकडा होतो. ‘अंश’ असलेल्या नावांचा अर्थ ‘किरण’ असा दिला जातो, त्यातल्या पुष्कळ ठिकाणी हा उकारच हरवलेला असतो.

आता जोड कुठे आहे ते बघू. शाळेतला संधी आठवा: शिव अधिक अंश, शिवांश. देव अधिक अंश, देवांश. अ आणि अ मिळून आ. म्हणजे जिथे ‘आंश’ ऐकू येतं, तिथे आधीचा शब्द अ किंवा आ या स्वराने संपणारा हवा. या हिशेबाने रेयांश उलटा सोडवला तर ‘रेय’ अधिक ‘अंश’ मिळतं. ‘रे’ अधिक ‘अंश’ असं फोडलं तर गणित जुळत नाही. बोलताना ए आणि अ यांच्यामध्ये जिभेवर आपोआप य येतो हे खरं, पण मग नाव ‘रेयंश’ झालं असतं. तो लांबलेला आ कुठून आला? शिवांश-देवांशच्या साच्यातून. कानाला साचा ओळखीचा वाटतो आणि त्यात काय ओतलंय ते कुणी बघत नाही.

मग ‘रेय’ म्हणजे काय? असा रुळलेला संस्कृत शब्द नाही. पण शिक्षकी खोड जात नाही, म्हणून व्याकरणाने तो घडवता येतो का ते पाहिलं. गेय, पेय, देय, ज्ञेय ही एका घरातली भावंडं आहेत. गायचं ते गेय, प्यायचं ते पेय, द्यायचं ते देय. संस्कृतात ‘रा’ असाही एक धातू आहे आणि त्याचा अर्थ देणे. त्याला याच साच्यात घातलं तर ‘रेय’ होतो, म्हणजे द्यायचं ते. मग रेयांश म्हणजे देय हिस्सा. थकलेला हप्ता म्हणा हवं तर. व्याकरणाच्या अंगाने याहून नीट बसणारी फोड मला सापडली नाही, आणि ती पाळण्यामागे कुणी छापणार नाही हेही मला कळतं.

आसपासचे शब्द तपासून पाहिले, तेही कामाला येत नाहीत. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ‘अग्निना रयिमश्नवत्’ असं आहे. त्यातला रयि म्हणजे धन. पण रयि आणि अंश मिळून रय्यंश होतो. सूर्याचाच अंश हवा असेल तर रवि आणि अंश यांचा रव्यंश होतो. शुद्ध, निर्दोष, आणि हाक मारायला अशक्य. संस्कृतात ‘रय’ म्हणजे वेग, पाण्याचा ओघ. त्याचा रयांश होईल, रेयांश नाही.

विष्णूचं काय? विष्णुसहस्रनाम घराघरांत म्हटलं जातं, तपासायला वेळ लागत नाही. ‘र’ने सुरू होणारी नावं त्यात बरीच आहेत: रवि, राम, रुद्र, रोहित, रत्ननाभ, रविलोचन, रणप्रिय. रेय किंवा रेया नाही. विष्णूचा अंश हा अर्थ नावातून निघालेला नाही; वरून ठेवलेला आहे, नैवेद्यावर तुळशीपत्र ठेवतात तसा.

उरतो तो किरण. आणि तो सापडतो भलत्याच दारात. इंग्रजीत किरणाला ‘रे’ म्हणतात. लॅटिनमधल्या ‘रॅडियस’ या शब्दापासून तो आला. रेडिओ आणि रेडियम हीसुद्धा त्याच घरातली मंडळी. इंग्रजी रे आणि संस्कृत अंश यांची गाठ मारली की ‘किरणाचा अंश’ तयार होतो, आणि छापील अर्थातला किरण कुठून आला ते कळतं. मला हा उगम सगळ्यांत पटतो, कारण दुसऱ्या कुठल्याही वाटेने किरण या नावात शिरत नाही. ‘पहिला’ हा शब्द मात्र कुठल्याच वाटेने शिरत नाही. ती वरून भुरभुरलेली कोथिंबीर आहे.

आणखी एक शेजारी सांगायला हवा. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना तो आधीच आठवला असेल: श्रेयांस. जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. हे नाव जुनं आहे आणि त्याचा अर्थही स्पष्ट आहे: श्रेयस् म्हणजे अधिक चांगलं, कल्याणाचं, त्याचीच रूपं चालवताना श्रेयांसौ, श्रेयांसः असं होतं. त्यात शेवटी स आहे आणि ‘अंश’चा काहीएक संबंध नाही. पण लोक ते हल्ली ‘श्रेयांश’ लिहितात, आणि त्यातला पहिला श् काढला की काय उरतं ते म्हणून बघा.

मुळात ‘रे’च का हवा होता? इथे आपलं पंचांग येतं. बाळाच्या बाबाला मी विचारलं, ‘‘नक्षत्र कोणतं?’’ तो म्हणाला, ‘‘स्वाती, दुसरा चरण.’’ मला हसू आलं. पंचांगातल्या अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार, असे १०८ चरण असतात आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून दिलेलं असतं. स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता. दुसऱ्या चरणाला ‘रे’. मुलगी असती तर रेवती, रेणुका, रेवा, रेखा अशी रांग लागली असती. मुलासाठी ‘रे’वरून चटकन आठवतं काय? रेवणनाथ, रेवणसिद्ध. दोन्ही थोर, पण तिशीतल्या आईबाबांच्या यादीत ती येत नाहीत. अशी पोकळी झाली की बाजार ती भरतो.

पूर्वी ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सुटायची. चक्रातली काही अक्षरं अशी आहेत की त्यांवरून नाव ठेवणंच अशक्य: आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. म्हणून जन्मनाव निराळं आणि व्यवहारातलं निराळं. जन्मनाव पत्रिकेत आणि संकल्पात राहायचं, व्यवहारात बाळ आजोबांचं नाव घेऊन हिंडायचं. आता दोन्ही एकच हवं असतं, शिवाय ते वर्गात दुसऱ्या कुणाचं नको, इंग्रजीत लिहायला सोपं हवं, परदेशातल्या काकाच्या शेजाऱ्यालाही म्हणता यावं. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत डी-एन-वायने सुरू करावं लागतं आणि पुढे आयुष्यभर समजावून सांगावं लागतं. ‘रेयांश’मध्ये ना ज्ञ आहे, ना ळ, ना ण. इतक्या अटी एकदम घातल्या की जुन्या कोशात त्या पुऱ्या करणारं नाव सापडणं कठीण, मग जुळवणी सुरू होते. पुढे रे, किया, विवा, रिया. मागे अंश, आन, इका, वी. डब्याला झाकण बसवावं तसं.

गंमत म्हणजे रे, सूर्य आणि संस्कृत या तिन्ही अटी पुऱ्या करणारं एक नाव पुराणांत आहे: रेवंत. सूर्याचा मुलगा, घोड्यावर बसणारा, अश्विनीकुमारांचा भाऊ. हे मी बाबाला सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. सांगायला नको होतं, असं मला नंतर वाटलं.

छापील अर्थ पसरतात कसे, तेही बघण्यासारखं आहे. नाव आधी कानाला आवडतं, अर्थ मागून शोधला जातो. एका यादीत कुणीतरी ‘किरण’ लिहितो, दुसरी यादी ते उतरवते आणि आपला म्हणून ‘विष्णू’ जोडते, तिसरी दोन्ही घेते. दहा ठिकाणी तेच दिसलं की आपल्याला वाटतं दहा जणांनी तपासलंय. खरं तर एकानेच लिहिलेलं असतं आणि नऊ जणांनी उतरवलेलं. ओळखीच्या आवाजावरून शब्दाचा मागून अर्थ लावण्याला भाषेच्या अभ्यासात लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती माणसाची जुनी सवय आहे. फक्त पूर्वी ती पारावर चालायची.

आणि एकच आवाज कुठे काय अर्थ घेऊन येईल याचा नेम नाही. कियारा घ्या. अभिनेत्री कियारा अडवाणीचं मूळ नाव आलिया. २०१० च्या ‘अनजाना अनजानी’ चित्रपटातल्या नायिकेवरून तिने कियारा हे नाव घेतलं. या आवाजाचं एक नाव इटलीत आहे, त्याचा अर्थ उजळ, स्वच्छ. दुसरं आयर्लंडमध्ये आहे, तिथे मूळ शब्दाचा अर्थ काळा, सावळा. अनाया म्हणाल तर अरबी-उर्दूत ‘इनाया’ म्हणजे काळजी, कृपा. संस्कृतात ‘अनय’ म्हणजे अनीती, आणि ‘आनय’ म्हणजे ‘आण!’. शाळेत ‘जलम् आनय’ घोकलेल्या कुणालाही वर्गात अनाया नावाची मुलगी आली की पाणी आठवतं.

ही हौस आपल्याकडचीच आहे असंही नाही. अमेरिकेत ‘नवेया’ असं मुलीचं नाव आहे. इंग्रजीत स्वर्गाला असलेल्या ‘हेवन’ या शब्दाची अक्षरं उलटी लिहिली की ते होतं, त्यात दुसरं काही नाही. १९९९ साली तिथे जेमतेम आठ मुलींना ते मिळालं होतं. २००० साली सनी सँडोवल या रॉक गायकाने टीव्हीवर आपल्या मुलीचं हे नाव सांगितलं, २००१ मध्ये ते देशातल्या मुलींच्या नावांच्या यादीत २६६ व्या क्रमांकावर होतं आणि २०१० मध्ये २५ व्या. व्हेनेसा हे आज अगदी जुनं वाटणारं नावही जोनाथन स्विफ्ट या लेखकाने अठराव्या शतकात एका ओळखीच्या स्त्रीच्या नाव-आडनावाचे तुकडे जोडून केलं होतं. आता त्याला बनावट म्हणायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

दोन भाषांची गाठ मारण्यात महाराष्ट्र तर कधीच मागे नव्हता. शहाजी या नावात फारसी शाह आहे आणि आपला जी. परंपरा सांगते की मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. गुलाबराव, दौलतराव, हैबतराव यांतलं पहिलं पद बाहेरून आलेलं आहे. तेव्हा इंग्रजी रे आला म्हणून कपाळाला आठ्या घालायचं मला काही कारण दिसत नाही.

याबाबत संस्कृत व्याकरणाची परंपरा आपल्यापेक्षा मोकळी होती, हे कमी लोकांना माहीत असतं. शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या जुन्या ग्रंथात, यास्काच्या ‘निरुक्ता’त, एक वाद नोंदवलेला आहे. शाकटायन म्हणतो, सगळी नामं धातूंपासून निघतात. गार्ग्य म्हणतो, सगळी नाही. आणि व्याकरणकार पतंजली, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, ‘महाभाष्या’त शब्दांचे चार प्रकार सांगतो: जातीचे, गुणाचे, क्रियेचे, आणि चौथे यदृच्छाशब्द. यदृच्छा म्हणजे मनाला येईल तसं. अर्थाचा आधार न घेता कुणीतरी ठेवलं म्हणून लागू झालेलं नाव, ते यदृच्छाशब्द. व्याकरणाच्या ग्रंथांत त्याचं ठरलेलं उदाहरण आहे ‘डित्थ’. डित्थ म्हणजे काय? काही नाही. डित्थ नावाचा माणूस, बस्स. रेयांशचा खण हाच, आणि तो दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवलेला आहे.

पण त्याच पतंजलीने व्याकरण का शिकावं याच्या कारणांत बाळाचं नाव ठेवणंही घातलं आहे! याज्ञिकांचा नियम तो देतो: दहाव्या दिवसानंतर मुलाचं नाव ठेवावं, सुरुवातीला घोष, म्हणजे ग, द, र यांसारखं घुमणारं, व्यंजन असावं, मध्ये य-र-ल-व यांपैकी एखादं अंतःस्थ अक्षर असावं, नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, तीन पिढ्यांतल्या पूर्वजांची आठवण देणारं असावं, शत्रूच्या घरात चालणारं नसावं. ते कृदन्त, म्हणजे धातूपासून बनलेलं असावं; तद्धित, म्हणजे दुसऱ्या नामापासून बनलेलं नको. आणि व्याकरण न शिकता हे कसं कळणार, असा त्याचा सवाल आहे. रेयांशला ही कसोटी लावून बघितली. र घोष आहे. मध्ये य आहे. अक्षरं मात्र तीन, आणि घरगुती संस्कारांचे नियम सांगणारी गृह्यसूत्रं विषम अक्षरं मुलीच्या नावाला सांगतात. तरी मराठीत आपण शेवटचा अ उच्चारत नाही, रे-यांश अशी दोनच अक्षरं ऐकू येतात, म्हणून मी त्याला पास केलं. पूर्वजांच्या रकान्यात शून्य.

आणि अर्थ स्वच्छ असला म्हणजे नाव चांगलं, असंही नसतं. ‘नकुशा’ या नावाचा अर्थ सांगायला कोश लागत नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ मुलींचं हे नाव समारंभाने बदललं गेलं. दगडू, धोंडू, भिकाजी यांचेही अर्थ लख्ख आहेत. आधीची मुलं न जगलेल्या घरांनी दृष्ट लागू नये म्हणून ते ठेवले. त्यांच्यापुढे किरण-बिरण असा थोडा खोटा अर्थ असलेलं नाव मला परवडतं. खटकतं ते एवढंच, की त्याला ‘संस्कृत’ असा शिक्का मारला जातो.

ज्यांना तपासायचंच आहे त्यांच्यासाठी: अर्थाच्या यादीत मूळ शब्द दिलेला नसेल तर ती बाजूला ठेवा. नाव फोडा, प्रत्येक तुकडा आपट्यांच्या संस्कृत कोशात किंवा दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त बघा, दोन्ही आता फोनवर चाळता येतात. तुकडे सापडले तर संधी जुळतो का बघा. घाई नको. जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवायही होते आणि नाव नंतर भरता येतं. इंग्रजी स्पेलिंग मात्र एकदाच नीट ठरवा; रेयांशचं ई-वायने आणि ए-वायने असं दोन्ही लिहितात, आणि ए-वायवालं पुढे कुणीतरी ‘रायांश’ वाचतंच.

परवा बाळाच्या बाबाला हे सगळं सांगितलं, थकलेला हप्ता सोडून. त्याने विचारलं, ‘‘मग तो मोठा झाला की काय सांगू?’’ मी म्हटलं, ‘‘झालं तसं सांग. स्वातीचा दुसरा चरण होता, तुझ्या आईला शेवटी ‘अंश’ हवा होता, मला रेवणनाथ नको होतं.’’ तो हसला. पडद्याचा फोटो त्याने अजून फोनवर ठेवलाय, विष्णूसकट.

पणजीबाईंनी तोवर आपला मार्ग काढला होता. पूर्ण नाव जिभेवर बसत नाही, म्हणून त्या पाळण्याशी वाकून नुसतं ‘काय रे’ म्हणतात, आणि बाळ मान वळवून बघतं.